पुटअप

पुट आणि अप. दोन्ही दोन-दोन अक्षरांचे शब्द, पहिली-दुसरीच्या पोरालाही येणारे. वेगवेगळे असतात तेव्हा अगदी गुणी बाळं. एकत्र आले की माणसाचं अप्रेझल खातात.

सांगतो.

गोष्ट ऑक्टोबर २०२३ ची. आमच्या क्लाएंटकडून रोज रात्री एक डेटा फाइल यायची आणि त्यातल्या तारखा अर्ध्या अमेरिकन पद्धतीच्या, अर्ध्या आपल्या पद्धतीच्या असायच्या. म्हणजे ०५/०६ हे पाच जून की सहा मे, हे ज्याचं त्याने ठरवायचं. मी त्यांच्या मॅनेजरच्या कानावर घातलं. एकदा, दोनदा, तीनदा. काही हलेना. शेवटी तिकडच्या प्रॉडक्ट ओनर बाईंनी विचारलं, याचं पुढे काय झालं? मी बाणेदारपणे उत्तर लिहिलं. जसंच्या तसं देतो: "आय हॅव पुट अप विथ युअर मॅनेजर सिन्स लास्ट मंडे अँड विल कंटिन्यू टु पुट अप विथ हिम अनटिल धिस इज रिझॉल्व्ड."

मला म्हणायचं होतं, की विषय त्यांच्यापुढे मांडलाय आणि सुटेपर्यंत मांडत राहीन. इंग्रजीत त्याचा अर्थ होतो: तुमच्या मॅनेजरला मी गेल्या सोमवारपासून सहन करतोय आणि हे मिटेपर्यंत कसंबसं सहन करत राहीन.

सीसीमध्ये आठ जण होते. त्यातले एक अर्थातच तो मॅनेजर.

बाईंचं उत्तर दहा मिनिटांत आलं. एकच ओळ. "फक्त सोमवारपासून? मी नऊ वर्षं करतेय :)" मॅनेजरचं उत्तर आलंच नाही, जे जास्त भीतीदायक होतं. (तारखांचा घोळ मात्र त्याच दिवशी दुरुस्त झाला, हे नोंदवून ठेवतो. कुणी श्रेय दिलं नाही.) आमच्या साहेबांनी मीटिंग रूममध्ये बोलावून दार लावून घेतलं. ते आधी हसले, मग हसायचं थांबले. अप्रेझलमध्ये 'कम्युनिकेशन'पुढे जे लिहायचं ते लिहिलं गेलं, दोन दिवसांच्या बिझनेस इंग्लिशच्या वर्कशॉपला नाव गेलं आणि तीन महिन्यांच्या ऑनसाइटसाठी माझ्याऐवजी दुसऱ्याचे कागद पुढे गेले. आता एका मेलमुळेच हे सगळं झालं असं मी कोर्टात सिद्ध करू शकणार नाही. पण मला माहीत आहे, आणि साहेबांनाही माहीत आहे.

वर्कशॉपमध्ये बाईंनी विचारलं, "व्हेअर डिड यू पिक धिस अप?" (बघा, इथेही अप आहेच.) मी म्हणालो, माहीत नाही.

माहीत होतं. बाबांकडून.

बाबा महसूल खात्यात. १९८८ ला भंडारा जिल्ह्यात लिपिक म्हणून लागले, १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा इकडे आले, आणि आमगाव, सालेकसा, देवरी अशा तहसील कचेऱ्या फिरत अव्वल कारकून म्हणून ३० जून २०२३ ला रिटायर झाले. आमच्या घरात 'पुटअप' हा शब्द मीठ-मिरचीसारखा होता. बाबा रात्री आठला घरी यायचे आणि आईने उशीर का विचारलं की म्हणायचे, "साहेबाले फाइल पुटअप कराची होती." मला सायकल हवी होती तेव्हा आई म्हणाली होती, "तुझी फाइल मी पुटअप केली आहे, साहेबांचा शेरा यायचा आहे." शेरा दोन महिन्यांनी आला: दहावीनंतर.

ज्यांनी सरकारी कचेरी फक्त खिडकीच्या बाहेरून बघितली आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. आपला अर्ज आवकला नोंदवला जातो, क्रमांक पडतो, मग तो संबंधित टेबलावर येतो. तिथला कारकून जुने कागद जोडतो, कोणता नियम लागतो ते बघतो आणि डाव्या बाजूला टिप्पणी लिहितो: अर्जदाराचं म्हणणं काय, नियम काय, आधी अशा प्रकरणात काय झालं, आणि आता काय करता येईल. त्याखाली 'आदेशार्थ सादर' किंवा 'मान्यतेस्तव सादर' असं लिहून सही ठोकतो. फाइल अव्वल कारकुनाकडे, तिथून नायब तहसीलदारांकडे, तिथून तहसीलदारांकडे. प्रत्येक जण आपली सही करून पुढे ढकलतो. साहेब वाचून 'मान्य' लिहितात, किंवा 'चर्चा करावी' लिहितात, आणि फाइल त्याच पायऱ्यांनी खाली उतरते. या चढण्याला पुटअप म्हणतात. दिल्लीच्या मंत्रालयांत आजही 'प्लीज पुट अप' हा शेरा चालतो. इंग्रजांच्या काळात कचेऱ्या बसल्या तेव्हापासूनची ही इंग्रजी. लंडनमधल्या माणसाला 'पुट अप द फाइल' म्हटलं तर तो फाइल उचलून कपाटावर ठेवेल.

पण मला ते 'अप' आता फार बरोबर वाटतं. आपल्या कचेरीत सगळं वर-खाली आहे. आदेश वरून येतो. फाइल वर जाते. वर बोलावं लागतं, वर कोणाची ओळख आहे का बघावं लागतं. मग फाइल पुट झाली तर अपच होणार ना, साइडवेज कशी होईल?

मराठीत याला शब्द नाही असंही नाही. १९६४ चा महाराष्ट्र राजभाषा अधिनियम झाला, त्याच्या आधीपासून भाषा संचालनालय पदनाम कोश, प्रशासन वाक्प्रयोग अशी पुस्तकं काढत होतं. (पदनाम कोशाला आचार्य अत्र्यांनी 'बदनाम कोश' म्हटलं होतं. तेव्हा सगळे त्यातल्या शब्दांना हसले आणि आज तेच शब्द दारावरच्या पाट्यांवर आहेत.) कागदावर बाबांनी पस्तीस वर्षं 'सादर'च लिहिलं. टिप्पणी मराठी, मसुदा मराठी, शेरा मराठी. फक्त तोंडात पुटअप. मी लहानपणी विचारलं होतं, की बोलताना सादर का नाही म्हणत? म्हणाले, "गाणं सादर करतेत बाबू. फाइल पुटअपच होते."

बाबांचं इंग्रजी या कचेरीतून आलेलं होतं आणि घरात तेच अधिकृत होतं. मी नागपूरला इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा होस्टेलच्या रेक्टरांना पत्र बाबांनी लिहिलं, त्यात 'माय सन इज पुटिंग अप इन युअर होस्टेल' असं होतं. 'व्हेअर आर यू पुटिंग अप?' म्हणजे मुक्काम कुठे, ही जुन्या लोकांची आपल्याकडची खास इंग्रजी. माझे सगळे सुट्टीचे अर्ज, बोनाफाइडचे अर्ज त्यांनी सांगितलेल्या साच्यातले. 'आय बेग टु पुट अप द फॉलोइंग फ्यू लाइन्स...' कुणीही कधी हसलं नाही. उलट एका सरांनी वर्गात वाचून दाखवला होता माझा अर्ज, आदर्श म्हणून!

आता 'पुट अप'चे खरे अर्थ बघा. डिक्शनरी उघडून बसलो त्या रात्री. तंबू ठोकणं, पुट अप. भिंतीवर पोस्टर लावणं, पुट अप. भाव वाढवणं, पुट अप. पाहुण्याला रात्री ठेवून घेणं, पुट अप. पैसा उभा करणं, घर विकायला काढणं, उमेदवार उभा करणं, टक्कर देणं, सगळं पुट अप. मागे 'विथ' लावलं की सहन करणं. 'टु' लावलं की फूस लावणं. मध्ये छोटी आडवी रेघ मारून पुढे 'जॉब' लिहिलं की आधीच ठरवून केलेली बनवाबनवी. म्हणजे काय, ठेवणे अधिक वर बरोबर बनवाबनवी? कोणत्या कंपायलरमध्ये हे बसतं? सॅम्युअल जॉन्सनने १७५५ मध्ये इंग्रजीचा मोठा कोश काढला, त्याच्या प्रस्तावनेतच तो म्हणून गेलाय, की क्रियापदाला असं शेपूट लावून अर्थ फिरवायची आमची जी खोड आहे ती परक्यांना सगळ्यात अवघड जाते. पावणेतीनशे वर्षांपूर्वी! आणि माझ्या अप्रेझलमध्ये त्याचा उल्लेख नाही.

आमच्या धंद्यात तर हीच शेपटं भरली आहेत. लॉग इन, सेट अप, बॅक अप, रोल बॅक, चेक आउट. तोडून लिहिलं तर क्रियापद, जोडून लिहिलं तर नाम, आणि आम्ही ते बटणावर चुकीचं लिहून प्रॉडक्शनला पाठवतो. असो.

इंग्रजीला शिव्या घालून झाल्यावर लक्षात आलं की आपणही काही साधे नाही. माझ्या शेजारी एक चेन्नईचा मुलगा बसतो. पुण्यात चार वर्षं झाली, मराठी बऱ्यापैकी बोलतो. त्याने एकदा विचारलं, "सांगून टाक, सांगून ठेव, सांगून बघ, सांगून दे आणि सांगून बसलो, यात फरक काय?" मी सांगायला गेलो. सांगून टाक म्हणजे एकदाचं मोकळा हो. ठेव म्हणजे पुढे उपयोगी पडेल. बघ म्हणजे ऐकला तर ऐकला. बसलो म्हणजे नको ते बोललो आणि आता निस्तरतोय. तो म्हणाला, "पण बसला कुठे?" आता काय सांगणार! टाकणारा काही टाकत नाही, ठेवणारा ठेवत नाही, बसणारा उभाच असतो. आमचे मुख्य क्रियापद आधी, शेपूट नंतर. इंग्रजीचंही तसंच. त्यांनी दिशा लावल्या, आपण कामं लावली, एवढाच फरक.

आणि शेपटावरून आठवलं. मी २०१९ ला पुण्याला आलो तेव्हा पहिल्या आठवड्यात फोनवर म्हणालो, "हो हो, येऊन राहिलो, रस्त्यात आहे." मागे तिघे रूममेट एकदम फुटले. येऊन राहिलो! जेवून राहिलो! झोपून राहिलो! पुढचे सहा महिने माझं नाव 'राहिलो' होतं. आमच्याकडे, अख्ख्या पूर्व विदर्भात, असंच बोलतात. एका बाजूला बालाघाट, एका बाजूला छत्तीसगड, घरात कुणाची झाडीबोली, कुणाची पोवारी, बाजारात हिंदी. १९५६ पर्यंत आम्ही मध्य प्रदेशातच होतो. 'आ रहा हूं'चं 'येऊन राहिलो' होणारच. पण हे तेव्हा सांगता आलं नाही. तेव्हा मी फक्त 'येतोय' म्हणायला शिकलो. इतकं, की आता घरी फोनवरही तोंडातून 'येतोय' निघतं आणि आई म्हणते, "पुण्याचा झाला रे."

तर नोव्हेंबर २०२३, दिवाळी. महाराष्ट्र एक्सप्रेसने रात्र आणि दिवस काढून गोंदियाला उतरलो. धानाची कापणी चालू होती, राइस मिलचा तो भुशाचा वास गावाच्या अलीकडूनच नाकात शिरतो. रात्री जेवताना मेलचा किस्सा सांगितला. रंगवून, नकला करून. आई हसून हसून ठसका लागेपर्यंत हसली. बाबा हसले नाहीत. त्यांनी भाताचा घास खाली ठेवला.

"मंग काय लिहा लागते?"

"काहीही लिहा लागते," मी म्हणालो. "रेज करा, एस्कलेट करा. पुट अप नाही. बाबा, ते तुमच्या कचेरीचं इंग्लिश आहे. कचेरीच्या बाहेर त्याला कुणी विचारत नाही."

हे मी हसतच बोललो होतो. किंवा मला तसं वाटत होतं. ऑनसाइट गेल्याचा सगळा राग त्या वाक्यात होता आणि तो त्यांना बरोबर पोचला. ते "हो" म्हणाले, हात धुवायला उठले. मी सांगून बसलो होतो.

त्या वेळी मला एक गोष्ट माहीत नव्हती. आईने नंतर ओट्याजवळ हळू आवाजात सांगितली. बाबांची स्वतःची पेन्शनची फाइल अडकली होती. सेवापुस्तकात १९९६ च्या वेतनवाढीच्या नोंदीखाली सहीच नव्हती. जुनं पोस्टिंग, जुने साहेब. ती नोंद प्रमाणित झाल्याशिवाय वेतन पडताळणी नाही आणि पडताळणीशिवाय प्रकरण नागपूरला महालेखापालांकडे जात नाही. तात्पुरतं निवृत्तिवेतन मिळत होतं म्हणून चूल पेटत होती, पण उपदान वगैरे सगळं थांबलेलं. आणि वरच्या खोलीचा स्लॅब त्याच भरवशावर टाकला होता. "तुले सांगू नको म्हणले," आई म्हणाली. "पोरगा पैसे पाठवून देईल म्हणतेत."

भाऊबीज झाल्यावर मी म्हणालो, मी पण येतो. कोणतं ऑफिस ते सांगत नाही. गेलो. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, खिशाला पेन. पस्तीस वर्षं ते टेबलाच्या ज्या बाजूला बसले, तिच्या समोरच्या बाजूला आता उभे होते. टेबलावर माझ्याच वयाचा एक मुलगा. बाबा त्याला म्हणाले, "फाइल पुटअप झाली का जी?"

त्या 'जी'ने मला कसंतरी झालं. आमच्याकडे मोठ्यांना जी लावतात.

मुलगा फोनमधून मान वर न काढता म्हणाला, "होईल काका."

"टिप्पणी लिहिली आहे का?"

"काका, लिहू ना. सही नाही तर काय लिहू?"

मी पुढे सरकलो. पुण्याचा, लॅपटॉपवाला, तोंडात एस्कलेट तयार. बाबांनी नुसता हात आडवा धरला, माझ्याकडे न बघता. मग खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "कागद दे बेटा एक." आणि त्या मुलाला शेजारी बसवून टिप्पणीचा मसुदा सांगायला लागले. नोंद कोणत्या पानावर, त्याच्या पुढच्या वर्षीची वेतनवाढ कोणत्या मूळ वेतनावर दिली आहे, म्हणजे १९९६ ची प्रत्यक्षात दिली गेली हे त्यावरूनच सिद्ध होतं. सोबत त्या महिन्याच्या वेतन देयकाची प्रत आणली आहे. सबब आज रोजी सक्षम अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित करण्यास हरकत दिसत नाही. स्वतःला ते 'संबंधित कर्मचारी' म्हणत होते. आवाज असा, जणू दुसऱ्याच कुणाचं प्रकरण आहे. मुलाने हळूहळू फोन उलटा ठेवला. मध्ये एकदा विचारलं, "सर, 'सबब' म्हणजे?" काकाचा सर झाला तो क्षण मी बघितला.

मी कोड रिव्ह्यूमध्ये इतकी स्वच्छ मांडणी क्वचित बघितली आहे. काय झालं, पुरावा काय, म्हणून काय करावं. माझ्या मेलमध्ये हेच तर नव्हतं! मी आठ दिवस नुसता 'मांडत' होतो. चुकीच्या तारखांची दोन उदाहरणं आणि दुरुस्तीचा एक प्रस्ताव जोडला असता तर पुट अप म्हटलं काय आणि एस्कलेट म्हटलं काय.

शेवटी मुलाने विचारलं, "खाली आदेशार्थ सादर?"

"मान्यतेस्तव," बाबा म्हणाले. "आदेशार्थ म्हटलं की साहेबाले विचार करा लागते. मान्यतेस्तव म्हटलं की सही करा लागते."

परत येताना मोटरसायकलवर मी मागे बसलो होतो. सॉरी वगैरे म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. मी म्हणालो, "बाबा, मसुदा भारी होता." ते म्हणाले, "हं." मग बऱ्याच वेळाने, फाटकावर थांबलो तेव्हा, "तुझ्या त्या मेलमधी विथ नसतं लिहिलं तर चाललं असतं का?"

"थोडं चाललं असतं."

"मी विथ नव्हतं शिकवलं," बाबा म्हणाले.

खरं आहे. विथ माझं होतं.

मार्च २०२४ मध्ये नागपूरहून आदेश आला. मला व्हॉट्सअॅपवर त्याचा फोटो आला, खाली काहीही लिहिलेलं नव्हतं. ऑनसाइट काही मिळालं नाही अजून. पण त्या प्रॉडक्ट ओनर बाईंशी बरं जमलं. एकदा कॉल लवकर संपला तेव्हा त्यांना सगळी गोष्ट सांगितली: फाइल, पायऱ्या, सही, बाबा. त्या म्हणाल्या, त्यांच्या आजीच्या तोंडी आणखी एक पुट अप होतं. उन्हाळ्यात पीच आले की आजी ते साखरेच्या पाकात शिजवून बरण्यांत भरायची, हिवाळ्यासाठी. त्याला ती 'पुटिंग अप पीचेस' म्हणायची. वर फळीवर ठेवायची म्हणून असेल. आता कुणी फारसं म्हणत नाही, असंही म्हणाल्या.

मी हे रविवारी फोनवर घरी सांगितलं. मे महिना होता, आई लोणच्याच्या कैऱ्या फोडून राहिली होती. बाबांनी ऐकून घेतलं, काही बोलले नाहीत. रात्री बरणीचा फोटो आला. दादरा बांधलेला, आणि बरणीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर त्यांचं ते कचेरीतलं तिरकं अक्षर: 'पुटअप दि. २६/५/२४'. खाली बारीक सही.